आपला माणूस आणि फायनलची शिट्टी

आमच्या भिलाईत व्हॉलीबॉलची हिवाळी लीग असते. दिवाळीचे फटाके संपले की सेक्टरांतल्या, खुर्सीपारच्या, जुनवानीच्या आणि झालंच तर दुर्गच्या टीम मैदानावर उतरतात. सगळा मामला हौशी. खेळणारे हौशी, बघणारे हौशी आणि शिट्टी वाजवणारे तर हौशींमधले हौशी. खेळणाऱ्याला निदान टाळ्या मिळतात. पंचाला मिळतात दोन्ही बाजूंच्या शिव्या आणि शेवटी एक समोसा, तोही गार. तरी दरवर्षी पंच मिळतात. माणसाला कशाची हौस असेल, काही सांगता येत नाही.

या पंचांना सगळ्या हंगामाचं बक्षीस एकच, फायनलची शिट्टी. लीगचे सामने आटोपले की सेमीफायनल आणि फायनलला कोणाला उभं करायचं हे तिघांची कमिटी ठरवते. मुख्य पंच जाळीच्या टोकाला लोखंडी स्टँडवर चढतो, दुसरा पंच त्याच्या समोर जमिनीवर उभा राहतो आणि कोपऱ्यांवर झेंडेवाले असतात. स्टँड आमच्याच गावात वेल्ड केलेला, त्यामुळे चार पैलवान लावले तरी जागचा हलत नाही. लोखंडाची काटकसर आम्हाला ठाऊकच नाही. फायनलच्या दिवशी अख्खं मैदान भरतं आणि पेपरातल्या फोटोत दिसतो तो स्टँडवरचा पंच.

मी शाळेत खेळाची शिक्षिका. कमिटीतले एक केरळी गृहस्थ निवृत्त होऊन गावी गेले आणि त्यांची जागा रिकामी झाली. "एखादी बाई घ्या, बरं दिसतं," असं कोणीतरी म्हणालं म्हणून माझी वर्णी लागली. मला त्याचा राग आला आणि मी हो म्हटलं. राग आल्यावर हो म्हणायचं ही माझी जन्माची खोड आहे.

उरलेल्या दोघांपैकी एक म्हणजे काका. माझे सख्खे नव्हेत, इथल्या सगळ्या मराठी घरांचे काका. भंडाऱ्याकडचे, इथल्या स्टील प्लांटमधून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, जुनवानीला घर बांधून राहिलेले. पुढच्या पिढ्यांतल्या कितीतरी पोरांना व्हॉलीबॉल त्यांनीच शिकवला. दुसरे आंध्रचे, प्लांटच्या अकाउंट्समधले. त्यांना सगळे अकाउंट्सवालेच म्हणत. ते हिंदी बोलत आणि बोलण्याआधी हसत.

पहिल्या बैठकीत मी नवी नवरी. मुकाट्याने बघत होते. एकेका पंचाचं नाव निघे आणि प्रत्येकजण दहापैकी मार्क सांगे. पण त्यात एक रीत होती, ती माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. ज्याच्या प्रांताचा पंच, तो आधी बोलणार. आणि आधी बोलणारा हमखास कमी मार्क देणार.

याचं कारण भिलाईत राहिलेल्या माणसालाच कळेल. इथे सगळेच कुठून ना कुठून आलेले. एका गल्लीत केरळ, पंजाब, आंध्र, बिहार आणि विदर्भ नांदतात, आणि गुण्यागोविंदाने नांदतात. त्यामुळे आपल्या माणसाला झुकतं माप दिलं, हा इथला सगळ्यात मोठा आळ. तो आपल्यावर येऊ नये म्हणून प्रत्येकजण आपल्याच माणसाच्या पारड्यातून काढून घेतो, आणि वर त्याचा अभिमान बाळगतो.

तर त्या दिवशी आमच्या भाऊंचं नाव निघालं. भाऊ प्लांटमध्ये क्लार्क, मूळचे तुमसरजवळच्या खेड्यातले. त्यांच्या हातात पहिली शिट्टी काकांनीच दिलेली. काका लगेच म्हणाले, "हा आपला आहे. सहा."

"सहा कावून, काका?" मी विचारलं.

"कावून म्हंजे? आपला आहे म्हनून."

अकाउंट्सवाले हसले. "मॅडम, जब इनका अपना आदमी है और ये छह दे रहे हैं, तो हम सात कैसे दें? इनका अपमान हो जाएगा." त्यांनीही सहा दिले. मी आठ म्हटलं, तर काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी भर बैठकीत पान खाऊन थुंकले.

"तू आठ देऊन राहिली? लोक काय म्हनतीन? दोन मराठी बसले अन् मराठी मानसालेच वर चढवलं! आता आपन दोघं झालो, म्हंजे दुप्पट सांभाळून ऱ्हा लागते."

अशा हिशेबाने फायनल गेली एका ओडिया पंचाकडे. त्याआधीची फायनलही त्यांचीच होती, आणि त्याच्याही आधीची. पंच चांगले होते, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण कमिटीत आजवर एकही ओडिया माणूस बसलेला नव्हता, म्हणून त्यांचे मार्क कापणारं कोणी नव्हतं, हे मला दिसत होतं. त्या बिचाऱ्यांना स्वतःलाही कधीकधी कोडं पडत असावं.

पुढच्या दसऱ्याला भाऊ आमच्याकडे सोनं द्यायला आले. आपट्याची पानं हातात देऊन बसले, चिवडा खाल्ला, इकडचं तिकडचं बोलले. उठायच्या वेळी चपला घालता घालता म्हणाले, "ताई, उन्हाळ्यात मी रिटायर होतो. क्वार्टर सोडाचं, गावी जाचं. एक डाव फायनलले त्या स्टँडवर चढाचं आहे मले. बस."

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला निघाले.

"दादाले म्हनू नका बरं. त्याईले वाटन, मी वशिला लावून राहिलो." काकांना ते दादा म्हणत. मग स्वतःच हसले आणि गेले. त्यांनी एवढी वर्षं कधी चकार शब्द काढला नव्हता. खरं सांगते, मला भरून आलं, आणि त्यापाठोपाठ माझं डोकं फिरलं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, पण इथे तर पिकवणाराच स्वतःच्या मालाला नावं ठेवत बसला होता.

लीग सुरू होण्याआधीच्या बैठकीत मी तोंड उघडलं. ओडिया गृहस्थ यंदा मुलाकडे राहायला निघून गेले होते, तेव्हा फायनलला नवा पंच लागणारच होता. मी म्हटलं, रीत बदलू या. ज्याचा माणूस, त्याने शेवटी बोलायचं. मार्क सांगण्याआधी काय पाहिलं ते सांगायचं. आणि प्रत्येक पंचाचा सामना आपण तिघांनी जाऊन पाहायचा. चेंडू नाही पाहायचा, पंच पाहायचा.

काकांचा चेहरा लाल झाला. "म्हंजे इतके साल आमी अन्याय केला म्हनते तू?"

"काका, भाऊंचा सामना तुम्ही शेवटचा कधी पाहिला?"

"मी त्याच्या मॅचले जात नसतो," काका ताठ बसून म्हणाले. "दोघं बोलतानी दिसलो तं लोक म्हनतीन सेटिंग आहे."

म्हणजे ज्याचे सामने ते पाहतच नव्हते, त्याला दरवर्षी सहा मार्क देत होते, तेही निःपक्षपाती राहण्यासाठी! मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात अकाउंट्सवाले हळूच म्हणाले, "हमारा भी एक लड़का था, काका. बहुत अच्छा रेफरी. मैं भी काटता रहा. वो तो सीटी बजाना ही छोड़ के चला गया." ते या वेळी बोलण्याआधी हसले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "यहाँ तो जिसका कोई नहीं, उसका फाइनल."

काका पुटपुटले, "ठीक आहे. कर तुले जे कराचं ते." काकांच्या भाषेत याला संमती म्हणतात.

खुर्सीपारच्या मैदानावरचा सामना होता, रविवारी दुपारी. तिथले सामने म्हणजे कायम तापलेला तवा. दोन्ही टीम आजूबाजूच्या मोहल्ल्यांतल्या, आठवडाभर एकाच ठेकेदाराकडे राबणारे आणि रविवारी एकमेकांचा जीव काढणारे. असले सामने नेहमी भाऊंच्याच वाट्याला यायचे, कारण ते त्यांना सांभाळता येत. मग सगळ्यात जास्त तक्रारीही त्यांच्याबद्दलच येणार, यात काय नवल? सेक्टरातल्या शिस्तीच्या सामन्यात शिट्टी वाजवणाऱ्याबद्दल कोण कशाला तक्रार करील?

काकांना मी अक्षरशः ओढून नेलं. ते मफलर नाकापर्यंत गुंडाळून चहाच्या टपरीआड बसले, जणू चोरी करायला आले होते. "त्याले दिसलो नाई पायजे," असं तीनतीनदा बजावलं.

पहिल्याच सेटमध्ये एका कॅप्टनचं बिनसलं. तो तावातावाने स्टँडखाली आला आणि ओरडायला लागला, मागून त्याचे लोक. भाऊ वरून थोडे वाकले आणि इतक्या हळू आवाजात काहीतरी बोलले की ते ऐकू यायला कॅप्टनला ओरडणं थांबवावं लागलं. त्याने कान वर केला. भाऊ पुन्हा तसंच हळू बोलले. तो मान हलवून परत गेला आणि आपल्याच पोरांवर खेकसला. मैदान शांत.

"पाय, पाय!" काकांनी माझं मनगट धरून मैदानाकडे बोट दाखवलं. मफलर कधीच खाली आला होता. "कसा बोलला पाय त्याच्याशी! हे मी नाई शिकवलं त्याले."

मीही खूश झाले. पण मी पंच पाहायला आले होते, आणि पंच पाहायचा म्हटलं की सगळंच दिसतं. दुसऱ्या सेटपासून मला जे दिसायला लागलं ते मला नको होतं. भाऊंची नजर चेंडूच्या मागे जात होती. चेंडू उडाला की तेही त्याच्यासोबत वर जात आणि खाली जाळीला कोणाचा हात लागला ते निसटून जाई. समोर जमिनीवर दुसरी पंच म्हणून खुर्सीपारचीच एक तरुण मुलगी उभी होती. तिचे वडील ठेक्यावर काम करणारे, ती स्वतः खेळून खेळून पंच झालेली. जाळीचा प्रत्येक स्पर्श तिने पकडला. शिट्टी वाजवून ती भाऊंकडे बघे, तोऱ्यात नव्हे, अदबीने. भाऊ मान डोलावत आणि पॉइंट देत. सामना संपल्यावर ते स्टँडवरून उतरले, तेव्हा गुडघा धरून थोडा वेळ दांडीला टेकून उभे राहिले.

"कानामागून आली अन् तिखट झाली ते पोरगी," काका चहा पिताना म्हणाले. कौतुकानेच म्हणाले. मग भाऊंकडे बघत ग्लास खाली ठेवला. "इतके साल मी याले पायलंच नाई, बाई."

त्यानंतर काका भाऊंचा एकही सामना चुकवेनात. मीही त्या मुलीचे सामने पाहिले, मुख्य पंच म्हणूनही. मनातून म्हणत होते, कुठेतरी घसरेल, कुठेतरी गडबडेल. देवा, मी एका पोरीच्या चुकीची वाट बघत होते! ती चुका करत होती, नाही असं नाही, पण ज्या दिवशी चूक करी त्याच्या पुढच्या सामन्यात तीच चूक पुन्हा होत नसे.

संक्रांतीनंतर बैठक झाली. आधी त्या मुलीबद्दल बोलणं झालं. तिची नजर, तिचे पाय, शिट्टीची वेळ. तिघांचंही बोलणं एकच. अकाउंट्सवाल्यांनी नऊ दिले, मी नऊ दिले. काकांनीही नऊ दिले, पण खाली बघत.

मग भाऊ. अकाउंट्सवाले मोकळेपणाने बोलले. गरम सामना यांच्याइतका कोणाला हाताळता येत नाही, म्हणाले, पण जाळीवरचं सुटतं. आठ. माझी पाळी आली. मी तेच सांगितलं आणि आठ म्हटलं. गेल्या वर्षी आठ म्हणताना मला केवढा जोर चढला होता. या वर्षी तो शब्द मी नुसता पुटपुटले.

काका शेवटी बोलणार होते. त्यांनी समोरचा कागद उलटा करून ठेवला. मग म्हणाले, "दहा."

"काय पाहिलं, काका?" मी विचारलं, कारण नियम माझाच होता.

"काय पायलं ते तुले मालूम आहे. तुमी दोघं म्हनता ते बरोबर आहे. पन पोरीले पुढं मोप साल आहेत. याले एकच आहे. उन्हाळ्यात तो गेला का गेला." ते टेबलावर पुढे झुकले. "यंदा देऊन टाकू ना त्याले. पोरीले पुढच्या साली देऊ. तिचं तं कोनी नाई इथं बोंब माराले."

अकाउंट्सवाल्यांनी हात वर केले. "मॅडम जो बोलें. मुझे कोई तकलीफ नहीं."

सगळं माझ्यावर आलं. आणि मला काय हवं होतं? मला तर भाऊंना त्या स्टँडवर बघायचं होतं. त्याच्यासाठीच मी हा सगळा खटाटोप केला होता. एक होकार दिला की दसऱ्याला चपला घालता घालता मागितलेली ती एक गोष्ट त्यांना मिळणार होती, आणि कोणी काही बोललंही नसतं.

"काका," मी म्हटलं, "इतकी वर्षं तुम्ही भाऊंना आपला माणूस म्हणून कापलंत. आता आपला माणूस म्हणून देताय. त्यांनी सामना कसा चालवला, ते दोन्ही वेळा बाजूलाच राहिलं. आणि बोंब मारायला कोणी नाही म्हणून त्या पोरीचं काढून घ्यायचं, हे तर मला जमणारच नाही."

बोलले खरी, पण बोलताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही. काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. भांडतील असं मला वाटलं होतं. ते भांडले नाहीत. म्हणाले, "बरं. पोरगी स्टँडवर. तो खाली, दुसरा पंच. पन त्याले मी सांगीन. फोनवर नाई. घरी जाऊन सांगीन. तू चाल माझ्यासंगं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भाऊंच्या क्वार्टरवर गेलो. अर्धं सामान बांधायला काढलेलं होतं. दार भाऊंनीच उघडलं. काकांना दारात बघून त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. काका स्वतः आले, म्हणजे बातमी तीच असणार! "दादा! तुमी आले?" त्यांनी घाईघाईने खुर्चीवरची पुस्तकं उचलली आणि आत चहा टाकायला सांगितलं.

काकांनी पाल्हाळ लावलं नाही. खुर्चीवर बसले आणि सरळ सांगितलं. "फायनलले ते खुर्सीपारची पोरगी मुख्य. तू दुसरा. नेटचा टच तुले दिसत नाई आता. डोया बॉलमागं जाते तुहा. बाकी सबन चांगलं आहे. मी तुह्या मॅची पायल्या या साली."

भाऊंनी मान खाली घातली. मग वर केली. "मले मालूम आहे, दादा. पोरगी चांगली आहे. तिची फायनल तिलेच भेटाले पायजे." ते खरंच तसं म्हणत होते, मानभावीपणा नव्हता. चहा आला. त्यांनी आम्हाला कप दिले, स्वतः घेतला, आणि कपाकडे बघतच विचारलं.

"आता नाई दिसत. पन आधी दिसत होता ना, दादा? तवा, माहे गुडघे ठीक होते तवा?"

हो म्हणणं किती सोपं होतं. मी मनात म्हणत होते, म्हणा हो, काका, एवढं तरी म्हणा.

"मले नाई मालूम रे," काका म्हणाले. "मी कधी आलोच नाई पायाले."

भाऊंनी त्यांच्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता, मी शोधला तरी सापडला नाही.

"तं मंग मी सांगतो," ते म्हणाले. "दिसत होता, दादा. सगळा दिसत होता."

काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ते रडायला लागले. भाऊ उठले, काकांच्या मांडीवरचा कलंडायला आलेला कप काढून घेतला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.